बशीतली गरम बिअर

माझ्या मायनं आख्ख्या जिंदगीत एकदाच बिअर घेतली. तीही गरम करून, बशीत ओतून. हे कुणाला सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्याच्या पुढचं सांगायची वेळ आली की माझा आवाज बसतो, म्हणून आजवर मी तिथंच थांबत आले. आता माय नाही, दादाही नाहीत. लपवायचं कुणापासून?

दादा म्हणजे माझे वडील. काका त्यांना दादा म्हणायचे, ते ऐकून आम्हा भावंडांच्याही तोंडात तेच बसलं. जिंतूर तालुक्यातल्या बोरीला ते शाळेत मास्तर होते. माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची दुपदरी माळ, संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन, आणि त्या भजनात टाळ घेऊन पुढच्या रांगेत बसायचा मान. पानतंबाखूचं व्यसन नाही, चहासुद्धा कुणी हातात दिला तरच. त्यांची चैन एकच होती, परभणीची कॉफी.

जिल्हा परिषदेत काही काम निघालं की दादा परभणीला जायचे, आणि काम झालं की एसटी स्टँडकडून स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरायचे. मलाही दोन-तीनदा नेलं होतं. हॉटेल मोठं मजेशीर होतं. समोरच्या भागात कॉफी, इडली, डोसा. मागच्या भागात परमिट रूम. मधे एक जाड हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडं देवाच्या फोटोला उदबत्ती, आणि पलीकडून बाटल्यांचा खणखणाट. दोन्हींचा मालक एकच, दक्षिणेकडचा, कपाळाला भस्माचे पट्टे. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच शांतपणे वावरायचा. दादा मात्र कितीही खुर्च्या रिकाम्या असल्या तरी पडद्याकडं पाठ होईल अशीच खुर्ची धरायचे. मी एकदा मान वळवून बघितलं तर म्हणाले, "समोर बघ. इडली थंड होते."

दादांची आणखी एक खोड सांगायला पाहिजे. रविवारी दुपारी ते मायबरोबर डाळ निवडायला बसायचे. ओसरीवर दोघं समोरासमोर, मधे सूप. गावात त्याची चेष्टा व्हायची. "काय मास्तर, बाईंनी कामाला लावलं वाटतं!" दादा मान वर न करता म्हणायचे, "पोरांच्या वह्या तपासण्यापेक्षा हे बरं. इथं चूक लगेच सापडते." खरंच, त्यांच्या बोटांतून खडा निसटायचा नाही. आमच्या घरी जेवताना दाताखाली कधी कचकच आली नाही.

तर, ऐंशीच्या अल्याडपल्याडचा उन्हाळा होता. मी जिंतूरच्या कॉलेजातून बारावी झाले. मार्क बरे पडले होते आणि मला औरंगाबादला बी.एस्सी.ला जायचं होतं. तिकडच्या कॉलेजात नाव लागलं, वसतिगृहात जागा मिळाली. नातेवाईकांनी कपाळाला हात लावले. नामांतराचे दिवस होते ते. आज विद्यापीठ बंद, उद्या एसटी बंद, परवा मोर्चा. "अशा धामधुमीत पोरीला पाठवता? मास्तर, अक्कल गहाण टाकली का?" दादा म्हणाले, "विद्यापीठाला कुणाचंही नाव द्या, गणित तेच राहतं. आणि ज्यांचं नाव द्यायचं म्हणतात ना, त्यांच्याएवढं शिकून दाखवा आधी." नातेवाईक गप्प बसले, पण मानवतच्या एका आडत्याच्या घरचं स्थळ त्यांनी खिशात तयारच ठेवलं होतं. माझं एक वर्ष जरी वाया गेलं असतं तरी पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर माझा नंबर होता. हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आणि नेमकं तेव्हाच मायचं पोट उठलं. पोट म्हणजे डाव्या कुशीत, पाठीकडून पुढं. माय चुलीपुढं बसल्या बसल्या घामानं भिजायची, तोंडात पदर कोंबायची. परभणीला नेऊन एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मूतखडा आहे. पाणी भरपूर प्या, पडला तर पडेल, नाही तर औरंगाबादला नेऊन ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे तेव्हा पाठीपासून पोटापर्यंत चिरायचे, आणि मग दोन-तीन महिने बाईनं घागर उचलायची नाही. माझे दोन्ही भाऊ लहान. घरात दुसरी बाई नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. मायचा खडा पडला तर मी औरंगाबादला, नाही पडला तर चुलीपुढं, आणि तिथून आडत्याच्या घरी.

मायनं हे माझ्याआधी ओळखलं. "ऑपरेशन करायचं न्हाई," तिनं जाहीर केलं. "पोरीचं साल बुडतंय. काय करायचं ते करा, पर खडा पाडा."

मग काय, आमच्या गावात वैद्यांची कमी होती थोडीच! जो तो येऊन औषध सांगायला लागला. दादा रोज सकाळी उठून स्वतः कुळथाचं पाणी उकळायचे आणि मायला तांब्याभर पाजायचे. पानफुटीची पानं झाली, गोखरूचा काढा झाला. खडा काही हलेना. शेवटी माझा मामा आला. मामा एसटीत ड्रायव्हर होता, तालुके हिंडलेला माणूस. तो माळवदावर नजर लावून म्हणाला, "दाजी, रागावू नका. बिअर पाजा. आमच्या कंडक्टरचा चार दिवसांत पडला."

दादा उठून बाहेर गेले. माय म्हणाली, "ह्या घरात ती बाटली यायची न्हाई. देव हायेत."

मामा गेला. पण रात्रभर कळ निघाली आणि सकाळी माय भिंतीला टेकून म्हणाली, "घरात न्हाई म्हणलं मी. परभणीत कुठं मिळती का बगा."

आता मास्तरनं बोरीत किंवा जिंतुरात बाटली विकत घेतली असती तर संध्याकाळपर्यंत देवळात पोचली असती. दादांना सगळ्या जगात असं एकच ठिकाण माहीत होतं, ज्याच्याकडं त्यांनी जन्मभर पाठ केली होती. मला बरोबर न्यायचं मायनं ठरवलं. "दोघंच गेलो तर लोक काय बी म्हणतील. लेकरू संगं असलं की कुटुंब दिसतं."

जूनचा उकाडा. एसटीतून उतरून आम्ही हॉटेलात शिरलो. दादा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. टोपी काढली, परत घातली. अण्णा हसून म्हणाला, "मास्तर, कॉफी?"

"न्हाई, म्हणजे, औषध पाहिजे होतं," दादा म्हणाले.

"मेडिकल समोरच आहे, मास्तर."

"ते औषध नव्हे. तुमच्याकडं मिळतं ते."

अण्णाला काही उमजेना. दादांची जीभ तो शब्द उच्चारायला तयार होईना. माय माझ्यामागं पदर ओढून उभी, आणि तिची कूस दुखायला लागली होती, मला तिच्या बोटांवरून कळत होतं. माझं डोकं तसंही तापटच. मी म्हणाले, "बिअर पाहिजे. मायला."

जरा मोठ्यानंच म्हणाले असेन. समोर एक माणूस डोशाचा तुकडा चटणीत बुडवत होता, तो तसाच बुडवलेला राहिला. अण्णा मात्र खरा माणूस. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "या, इकडं या," आणि पडद्याजवळच्या फॅमिली रूममध्ये आम्हाला बसवलं. फॅमिली रूम म्हणजे प्लायवुडची खोली, एक टेबल, दोन बाकडी, अर्धं दार. अलीकडं कॉफी, पलीकडं परमिट रूम, आणि आम्ही बरोबर मधे.

वेटर बाटली घेऊन आला. चांगला पोक्त, मिशीवाला माणूस. बाटलीवरून पाण्याचे ओघळ येत होते. त्यानं झाकण उडवलं तशी माय दचकली. मग तिनं बाटलीला बोट लावलं आणि हात मागं घेतला.

"अगं माय! हे तर बर्फावाणी हाय. काढा कुठं असा थंडगार घेत्यात व्हय? घसा धरंल माझा. कोमट करून आणा."

वेटरनं दादांकडं बघितलं. दादांनी भिंतीकडं बघितलं.

"बाई, हे थंडच पितात," वेटर म्हणाला.

"पिणारे पीत असतील. मी काय पिणारी हाय का?"

 वेटर बाटली घेऊन भटारखान्यात गेला. थोड्या वेळानं आतून आचाऱ्याची आरोळी ऐकू आली. बिअर दुधाच्या पातेल्यात तापवायला ठेवली होती आणि तिचा फेस दूध उतू जावं तसा चुलीवर गेला होता. सगळ्या हॉटेलात वास पसरला. बाहेर कुणीतरी विचारलं, "आज काय स्पेशल हाय, अण्णा?" मला हसू आवरेना. मी ओढणी तोंडात धरली. दादांनी डोळे वटारले, आणि मग मला दिसलं की त्यांच्याही मिशा थरथरायल्यात.

पातेल्यातलं उरलंसुरलं स्टीलच्या जगात घालून वेटर आला. मायनं ग्लास नको म्हटलं, कपबशी मागितली. जगात वाकून वास घेतला. "भिजवलेल्या पेंडीचा वास येतोय. म्हशीपुढं ठिवायचं ते." मग बशीत थोडं ओतलं, आणि बशी दोन्ही हातांनी उचलून दादांपुढं सरकवली.

"घ्या."

"मला कशाला? तुझं औषध आहे."

"तुमी घ्या आदी."

मायचा हा नेम होता. दादांच्या आधी तिनं कधी घास तोंडात घातला नाही. दादा परगावी असले तर त्यांची जेवायची वेळ टळू द्यायची, मग बसायची. मला तो नेम कधी पटला नाही, मी त्यावरून तिच्याशी भांडायचेही. पण तिथं, त्या प्लायवुडच्या खोलीत, तो नेम आडवा येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"अगं, औषधाला आधी-नंतर नसतं," दादा म्हणाले. "आणि मी माळकरी. मी कसं घेऊ?"

"मंग ऱ्हाऊ द्या. तुमी न घेतलेलं मी आजवर काय खाल्लंय?"

"माय, वेडी झालीस का!" मी भडकले. "खडा पाडायचाय ना तुला?"

"पाडायचाय की. तुझ्यासाठीच आलेय हितवर. पर मी एकटी न्हाई पिणार." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "उद्या लोक म्हणतील, मास्तरची बायको पिली. म्हणू द्या. पर मास्तर कोरडे आन मी एकटीच बाटलेली, असं नको. दोघं पिले म्हणलं तर मला काय वाटायचं न्हाई."

 पलीकडं परमिट रूममध्ये रेडिओ चालू होता, अलीकडं कुणी सांबार मागत होतं. दादांनी टोपी काढून बाकड्यावर ठेवली. दोन्ही हात मानेमागं नेले आणि माळ काढली. डोळ्यांना लावली. ठेवायला जागा शोधली, पण टेबल चिकट होतं. मग माझ्याकडं दिली. "धर. खाली ठेवू नको."

माळ त्यांच्या गळ्याची ऊब घेऊन माझ्या मुठीत आली. त्यांच्या गळ्यावर जिथं माळ असायची तिथं कातडी गोरी राहिली होती. मी इतक्या वर्षांत तेवढा भाग कधी पाहिलाच नव्हता. मला रडू फुटलं, आणि बिअरच्या हॉटेलात रडणारी मी काही पहिली नसेन, पण न पिता रडणारी बहुतेक पहिलीच.

दादांनी बशी उचलली आणि एका दमात रिकामी केली. तोंड असं वाकडं झालं की माय भीतीनं उठली. ते खोकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "काही नाही. कडू निंबच आहे." मग त्यांनीच बशी पुन्हा भरली, आणि लेकराला दूध पाजताना घालतात तशी तिच्यावर फुंकर घातली. "घे आता."

मायनं सगळा जग संपवला. दादा ओतायचे, फुंकायचे, ती डोळे मिटून प्यायची. शेवटच्या बशीला मात्र म्हणाली, "एवढं काय वाईट न्हाई हो." अण्णानं मग स्वतः तीन कॉफ्या आणून ठेवल्या, वर इडलीची बशी. "वास जाईल," म्हणाला. मायनं हॉटेलची कॉफी पहिल्यांदाच घेतली. दादांनी आधी घोट घेतला, मग तिनं. "ह्ये लय भारी हाय," ती म्हणाली, "ह्यानं खडा पडत न्हाई का?"

परतीच्या एसटीत मायची जीभ सैल सुटली. तिच्या लग्नात बैल बुजल्याची गोष्ट तिनं कंडक्टरला सांगितली, मग शेजारच्या बाईला सांगितली, मग मला. वाटेतलं झरी यायच्या आत दादांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. भर एसटीत, बोरीची माणसं समोर असताना. दादा ताठ बसून होते, खांदा न हलवता.

आता माळेचं. माळ आपली आपण काढता येते, पण आपली आपण घालता येत नाही. ज्या महाराजांनी घातली त्यांच्याकडं जाऊन, काय झालं ते सांगून, पुन्हा मागावी लागते. दादांनी ती देवघरातल्या खुंटीला टांगली. संध्याकाळी भजनाला गेले तेव्हा पुढच्या रांगेत न बसता मागं, खांबाला टेकून बसले. टाळ हातात घेतला नाही. लोकांनी विचारलं तर एवढंच म्हणाले, "नेम मोडला माझ्याकडून." का, कसा, कशासाठी, काही नाही. मायचं नाव त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मग लोकांनी ते स्वतःच पुरं केलं. मास्तर चोरून प्यायला लागले म्हणं. परभणीच्या हॉटेलात बसलेले दिसले म्हणं. माय एक दिवस आडावरून आली, घागर ठेवली आणि कुणाशी न बोलता भाकरी थापायला लागली. काय ऐकून आली होती ते मला दुसऱ्या बाईकडून कळलं.

खडा काही पडेना. वसतिगृहात हजर व्हायची तारीख जवळ आली. माझी ट्रंक अर्धी भरून पलंगाखाली पडलेली. मी ती रोज बाहेर ओढायचे आणि रोज आत सारायचे.

आणि एका सकाळी माय परसातून वाटी घेऊन आली. "पडला गं माय, पडला!" वाटीत एवढासा तपकिरी खडा. मी उड्या मारल्या, भाऊ ओरडत गल्लीत पळाले. दादा अंघोळ करून आले. चष्मा लावला. खडा तळहातावर घेऊन दारातल्या उजेडात गेले, नखानं उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशा खड्यानं केवढं छळलं, दादा!" मी म्हणाले.

"हं," दादा म्हणाले. त्यांनी मायकडं बघितलं. माय चुलीत फुंकत होती. मग त्यांनी खडा गावंदरीकडं लांब भिरकावून दिला आणि मला म्हणाले, "ट्रंक बाहेर काढ."

मी औरंगाबादला गेले. पुढच्या एकादशीला दादांनी महाराजांकडं जाऊन माळ घालून घेतली. धाकटा भाऊ बरोबर होता, त्यानं मला पत्रात नाही, मी सुट्टीत आल्यावर सांगितलं. महाराजांनी विचारलं, "ज्यासाठी नेम मोडला ते काम झालं का?" दादा म्हणाले, "पोरगी शिकायला गेली."

मी शिकले. मोर्चे बघितले, बंद बघितले, परीक्षा पुढं गेल्या, मागं आल्या, पण शिकले. आणि नियतीची गंमत बघा, मानवतलाच आले, पण आडत्याच्या घरात नाही, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला. बोरीला गेले की बघायचे, दादा अजूनही सकाळी उठून कुळथाचं पाणी उकळतायत. "आता कशाला, दादा? पडला ना खडा?" तर म्हणायचे, "सवय झाली." दिवसातून दहादा मायला विचारायचे, पाणी पिलीस का. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. दरसाल म्हणायचे, चल परभणीला, कॉफी पिऊन येऊ, जाता जाता एक फोटो काढू. माय म्हणायची, बऱ्या माणसाचे कसले फोटो काढता! आणि कधी कधी ती काम करता करता उंबऱ्यावर बसायची, पाठ भरून आलीय म्हणायची. बायांची पाठ भरून येतेच, असं मला वाटायचं.

तपभर गेलं. चौऱ्याण्णवच्या त्या थंडीत, संक्रांतीच्या सुमाराला विद्यापीठाच्या नावाचा एकदाचा निकाल लागला, आणि त्याच आठवड्यात मायला अशी कळ आली की ती उठेचना. परभणीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला काचेच्या बाटलीत खडा दाखवला. बोराएवढा. म्हणाले, "हा जुना आहे. वर्षानुवर्षं वाढलाय. भरपूर पाणी पोटात जात होतं म्हणून किडनी वाचली."

मी वॉर्डात गेले. माय जागी होती.

"माय, मग तवाचा खडा कोणता?"

तिनं आधी शेजारच्या खाटेकडं बघितलं, मग छताकडं. "डाळीतला व्हता."

मी खाटेच्या कडेला बसले.

"तुझ्या दादांनी माळ उतरवली माझ्यापायी," ती म्हणाली. "देवळात मागं बसायलेत, लोक न्हाई न्हाई ते बोलायलेत. आन एवढं करून खडा पडला न्हाई, असं कोण्या तोंडानं सांगू? तुझी ट्रंक पलंगाखाली तशीच. म्हणलं, माझं काय, दुखंल तवा दुखंल."

"इतकी वर्षं दुखायचं, माय?"

"दुखायचं की. रडायलीस काहून आता? शिकलीस न्हवं? झालं मंग." मग माझं मनगट धरलं, ऑपरेशन झालेल्या बाईचा जोर नव्हता तो. "खबरदार त्यांना सांगशील तर. माझ्या खोट्यावर त्यांनी माळ घातलीय. कळलं तर जिवाला लावून घेतील."

मी डोळे पुसले आणि कबूल केलं. राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. तिच्यावर ओरडावं तर ती खाटेवर, आणि स्वतःवर ओरडून काय उपयोग.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी दादा म्हणाले, "एसटीला वेळ आहे. कॉफी घेऊ." हॉटेलचं दार आता काचेचं झालं होतं, पडद्याच्या जागी रंगीत काच होती, मागची गर्दी वाढली होती. अण्णाचे केस पांढरे झालेले. त्यानं मायला बघितलं आणि हात जोडले. "गरमवाल्या बाई!" माय लाजून माझ्यामागं झाली. आता थंडी होती, गरम काहीतरी मागायला निदान हवा तरी बरी होती.

दादा नेहमीच्याच खुर्चीवर, काचेकडं पाठ करून बसले. गळ्यात माळ. माय समोर, मी बाजूला. कॉफी आली. दादांनी मायचा कप उचलला, बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी तिच्यापुढं ठेवता ठेवता, सांबार संपलंय का विचारावं तितक्याच साध्या आवाजात म्हणाले, "या खेपेला खराच पडला ना?"

मायनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मी नव्हतं सांगितलं.

"ती कशाला सांगते," दादा म्हणाले. "तूरडाळीतला खडा मला ओळखू येत न्हाई व्हय? तुझ्यासमोर बसून किती निवडले असतील."

"मंग बोलला न्हाईत ते?"

"काय बोलू? पोरीची ट्रंक होती समोर. आणि तू चुलीत फुंकायलीस, नुसतीच. चूल तर पेटलेली होती."

 मायला विचारायचं होतं ते दुसरंच होतं. "आन माळ? ठाऊक असून माळ कशी घातली तुमी?"

दादांनी माळेला हात लावला. "घातली नसती, तर तू खोटी पडली असतीस."

मला ते सगळे तांबे आठवले. रोज पहाटे उठून उकळलेलं कुळथाचं पाणी, पाणी पिलीस का, पाणी पिलीस का, आणि आम्ही केलेल्या नकला. मी खाली मान घालून इडलीचे तुकडे करत बसले, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती.

 मायनं पदरानं नाक पुसलं. मग दोन्ही हातांनी ती बशी उचलली आणि दादांपुढं सरकवली.

"निवायलीय," ती म्हणाली. "तुमी घ्या आदी."